कोकण्याची हाळी

तुळशीराम, तुझ्या तेराव्याला जमलेली माणसं तुझ्याबद्दल कमी आणि माझ्या पायाबद्दल जास्त बोलली.

कोणता पाय, ते तुला सांगायला नको. उजवा. अक्षय तृतीयेला आपल्या वावरात घट मांडतात. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड-करंजी आणि भोवती धान्याची रिंगणं. रात्रभर घागर पाझरते. सकाळी ती उचलून कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहायचं, आणि कोणत्या महिन्यात किती पाणी पडेल ते गावाला सांगायचं. हा मान आमच्या घराण्याकडं. माझा बाप हे काम इतक्या गंभीरपणे करायचा की त्या सकाळी त्याला शिंकसुद्धा येत नसे. यंदा मी पुढं झालो, घागर उचलली, माझा तोल गेला आणि उजवा पाय थेट ज्येष्ठात. ढेकळाचा चिखल झाला. करंजी माझ्या धोतरात अडकली ती घरी जाऊन सापडली.

गाव गोल करून उभं होतं. हसावं की भ्यावं ते कुणाला कळेना. आधी तूच हसलास.

"बापा! औंदा जेठात भाटव्याच्या वजनाएवढं पाणी पडते!"

बहिणीच्या नवऱ्याला आपल्याकडं भाटवा म्हणतात, पण तुझ्या तोंडचा तो शब्द माया की शिवी, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आता तेराव्याच्या पंगतीत जो तो एकच म्हणत होता, पाय पडला तिथंच पाणी पडलं. घटानं सांगितलंच होतं. एका म्हाताऱ्यानं तर वाकून माझ्या उजव्या पायाला हात लावला. मला ओरडून सांगायचं होतं की अरे, घटानं नाही सांगितलं, ह्या घरातल्या माणसानं सांगितलं, घसा फाडून सांगितलं. पण माझे पुढचे दात गेलेत. तुला ठाऊकच आहे कसे. तोंड उघडलं की शब्दाच्या जागी शीळ येते. घराण्यातला गोष्टी सांगणारा मी. लग्नात, बारशात लोक जेवण विसरून माझ्याभोवती बसायचे. आता 'तुळशीराम' म्हणायला गेलो की पंगत ओठ दाबून हसते. तुझ्या तेराव्याला कुणी हसावं आणि तेही माझ्यामुळं, हे मला बरं वाटेना. म्हणून लिहितो. कागदावर अजून माझे सगळे दात शाबूत आहेत.

तू समुद्र एकदाच पाहिलास. रेल्वेचं नाव कुणी घेत नव्हतं तेव्हा आपल्याकडचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून मुंबईकडं जायचा. मिसरूड फुटायच्या वयात तू बापाच्या गाडीवर बसून त्या तांड्याबरोबर गेलास. पावसाच्या आत परतायचं ठरलं होतं, आणि खाडीच्या काठावरच पावसानं गाठलं. रुई पाणी पीत गेली, गाड्या जड होऊन चिखलात बसल्या, बैल जोखडात अडकलेले तसेच उभे, आणि वरून पाऊस, खालून भरती. तुझा बाप एका बैलाची जुंपणी सोडायला पाण्यात उतरला. ही गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस, आणि दर वेळी इथंच थांबलास.

"मंग काय झालं?" मी विचारायचो. गोष्ट सांगणाऱ्याची वाईट खोड.

"मंग पाणी होतं," तू म्हणायचास. आणि बिडीची पानं दुमडत बसायचास.

एकदाच थोडं पुढं बोललास. "आपल्याकडं पाणी पाहुण्यावाणी येते, भाटवे. पाय धुते, बसते, जाते. तथी ते घरधनी हाय. मनात आलं का समद्याइले बाहीर काढते. अन् ज्या दिवशी तथी त्याचं डोकं फिरलं, त्या दिवशी आपुन अथी शायनं व्हावं."

तिकडं शिंकलं तर इकडं रुमाल काढायचा का, असं मी विचारलं. तू म्हणालास, हो.

मग तारेचे खांब आले. रेल्वे पश्चिमेकडून येतेय येतेय म्हणत होते, ती आपल्यापर्यंत पोचायची होती. पण खांब रुळांच्या आधी येऊन उभे राहिले, वरातीच्या आधी वाजंत्री यावी तसे. अकोल्यात तारघर झालं. शेटलोकांची माणसं तिथं मुंबईचा भाव ऐकायला दिवसभर ताटकळायची. समोर हबीबभाईचं नालबंदीचं दुकान, बैलांना नाल ठोकायचं. आपल्या बैलांना नालांची गरज असो-नसो, तू त्यांना तिथं नेऊन आडवं पाडायचास, आणि तारबाबू पान खायला बाहेर आला की विचारायचास, "तथी पाणी कसं हाय?"

हबीबभाई मला सांगायचे, "सब भाव पूछते, ये तुम्हारा साला बारिश पूछता है. बैलं बिचारे याच्यापायी चार-चार बार नाल ठोकून घेऊन राहिले."

बाबूही आधी हसला. मग त्याला सवय झाली. मुंबईचा माणूस भावाबरोबर दोन शब्द इकडचे तिकडचे पाठवायचाच: आभाळ भरलं, समुद्र खवळला, बंदर बंद. बाबू ते दोन शब्द तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा, लेकरासाठी लाडवाचा तुकडा ठेवावा तसे. आणि ते घेऊन तू बैलांची हलकी दमणी पिटाळत गावी यायचास, थेट काटेपूर्णेच्या पात्रात उतरायचास.

कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून अमरावतीहून अकोल्याकडं जाणारी गाड्यांची रांग तुटतच नव्हती. मुक्कामाला सगळे आपल्या गावाखालच्या वाळूत उतरायचे. वाळू बैलांच्या खुरांना मऊ, झिरा खणला की पाणी, दरडीची सावली. त्या वाळूत उभा राहून तू हाळी द्यायचास, आणि तुझी हाळी म्हणजे काय? आमच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची. "कोकणात पाणी लागलं होऽ! वाळू सोडा होऽ!" गाडीवान शिव्या देत बैल जुंपायचे, वर यायचे, आणि आभाळ निरभ्र राहायचं. तुझं नाव पडलं कोकण्या. अमरावतीपर्यंत गेलं ते नाव. ज्यानं कोकणात फक्त बाप गमावला त्याचं नाव कोकण्या.

आमच्या लेकीच्या, गोदीच्या लग्नात तर तू कहर केलास. ऐन हळदीच्या दिवशी अकोल्याहून आलास आणि म्हणालास, मुंबईला वादळ सुटलं, गलबतं फुटली, मांडव हलवा. मी काही हलवला नसता. पण तुझ्या बहिणीनं, माझ्या भागानं, तुझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि पदर खोचला. सगळं लग्न कापसाच्या कोठीत गेलं. एक थेंब पडला नाही. पंखा हलवला की रुई उडायची, कढीत पडायची, वरणावर बसायची. व्याही पंगतीतून उठले तेव्हा त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. माणूस एका जेवणात म्हातारा झाला.

त्या संध्याकाळी मी तुला कोठीमागं गाठलं.

"माझी इज्जत गेली, तुळश्या."

"ओली झालेली इज्जत वाळते, भाटवे. बुडेल माणूस वाळून काय कामाचा?"

"पण पाऊस आलाच नाही!"

"नाई आला ना? मंग चांगलं झालं का वाईट झालं?"

"हाळीला विळ्यासारखी धार असते. तू उठसूट गवतात हाणत सुटलास, तर ज्या दिवशी खरंच कापायचं त्या दिवशी ती बोथट निघेल. कुणी ऐकणार नाही."

"मंग काय करू? धार ठेवून घरात टांगून ठेवू?"

हा वाद आपण पुढं चिलमीसारखा फिरवत ठेवला. विझत आला की दोघांपैकी एक जण फुंकर घालायचा. भागा म्हणायची, "ह्या दोघाइले पाणी आलं तरी पंचाईत, नाई आलं तरी पंचाईत." तो वाद संपावा असं मला कधी वाटलं नाही, हे तुला आता सांगून ठेवतो. वाद संपलेले मेहुणे पाहिलेत मी. हवापाण्याचं विचारतात आणि उठून जातात.

मग हा ज्येष्ठ आला.

तिकडं दूरच्या मुलखातली ती लढाई संपली म्हणे, जिच्यामुळं आपला कापूस सोनं झाला होता. भाव गडगडायला लागला. ज्याच्या घरात बोजा शिल्लक होता त्याच्या अंगात वारं शिरलं, आज गाडी निघाली पाहिजे, आत्ता निघाली पाहिजे. तारघरासमोर माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. बाजारात खोट्या तारा फिरू लागल्या. एक शेट उठवायचा, घाटात दरड कोसळली, रस्ता बंद. दुसऱ्यांच्या गाड्या थांबल्या की ह्याच्या पुढं. अशीच बनावट तार आणली म्हणून अकोल्याच्या बाजारात एका दलालाला लोकांनी जोड्यांनी, चाबकांनी, मापाच्या दांड्यानं तुडवलं. हबीबभाईंनी त्याला ओढून दुकानात घेतलं तेव्हा त्याचा एक कान लोंबत होता आणि रस्त्यावर सांडलेल्या रुईत रक्त मुरत होतं. ती लाल रुईदेखील कुणीतरी उचलून बोजात भरली. अशा दिवसांत तुला खरी तार मिळाली.

मी दरडीवर उभा होतो. खाली वाळूत नथ्थू मुकादमाचा तांडा उतरलेला, अमरावतीच्या बाजूचा. त्यात तुझीही गाडी होती, तुझ्या वर्षभराच्या कापसाची. ऊन असं की वाळूवर पाय ठरत नव्हता. आभाळात ढगाचा पिंजलेला धागाही नाही. आणि तू आलास. बैलांच्या तोंडाला फेस, डोक्याला पागोटं नाही.

"उठा! वाळू सोडा! कोकणात आभाळ फाटलं! बंदरातले गलबतं एकमेकावर आपटून फुटले, घाटातली सडक वाहून गेली! ते पाणी वर सरकून राहिलं! वाशिमच्या अंगाले पाहा, डोंगरावर पाहा!"

मी पाहिलं. दक्षिणेला डोंगरांच्या कडेवर काजळाची रेघ होती. मला ती उन्हाची झळ वाटली. मी तुला दरडीवरून ओरडून म्हटलंसुद्धा, "कढीत कापूस पाडू नको रे आता!" दोघं-तिघं हसले.

नथ्थू मात्र हसला नाही. तो चुलीपासून उठला. गाडीच्या कडेला बोजा अडवायला जी उभारी लावतात, ती त्यानं उपटून हातात घेतली.

"कोण्या शेटनं पाठवलं रे तुले?"

"कोनंच नाई. तारबाबूनं सांगतलं."

"किती भेटलं? आमी अथी थांबावं, अन् तुह्या शेटच्या गाड्या पुढं जावं, असंच ना?"

"पुढं नका जाऊ, मांगं नका जाऊ, निस्ते वर चढा! दरडीवर! मंग मले मारा पाहिजे तं!"

"तुले तं अथीच मारतो, कोकण्या."

तू बैलांच्या खुंट्या उपटायला लागलास. एका गाडीवानानं तुला ढकललं, तू उठलास, दुसरी खुंटी उपटलीस. त्यानं लाथ घातली. तिसऱ्या खुंटीला नथ्थूची उभारी तुझ्या पाठीवर बसली, आणि तो आवाज मला दरडीवर ऐकू आला, भिजलं कापड दगडावर आपटावं तसा. मी उतरायला लागलो. मला वाटलं आता तू थांबशील. तू सरपटत तुझ्या स्वतःच्या गाडीकडं गेलास.

दाबलेली रुई धुमसते, पेट घेत नाही, हे आपल्याकडं पोरालाही ठाऊक असतं. तू विळा घेतलास, बोजा उभा फाडलास, आतली रुई दोन्ही हातांनी उपसून मोकळी केलीस. मग नथ्थूच्या चुलीतलं जळतं लाकूड त्यात खुपसलंस.

"तुळश्या! येडा झाला का?"

तू वळून माझ्याकडं पाहिलंस. अगदी शांत चेहरा. "मानसं आयकत नाईत, भाटवे. बैल आयकतीन."

भडका उठला. वाऱ्यानं पेटलेले पुंजके उचलले आणि साऱ्या वाळूवर उधळले, जळती फुलपाखरं जणू. बैलांनी दावी तोडली. जुंपलेले गाड्यांसकट उधळले. एक गाडी कलंडली, तिचं चाक एका माणसाच्या पायावरून गेलं, हाड मोडल्याचा आवाज आला आणि त्याची किंकाळी. एक बैल दुसऱ्याच्या पोटात शिंग खुपसून तसाच त्याला रेटत दरडीकडं धावला. माणसं बैलांमागं, आपल्या कापसामागं, शिव्या देत, रडत, मोडक्या पायाच्या त्या माणसाला खांद्यावर घेऊन वर चढली. आणि तांडा वर गेल्यावर नथ्थू आणि त्याचे चौघे तुझ्यासाठी खाली उरले.

आता हे मी कसं लिहू? गोष्टी सांगणारा मी. राक्षसाला मारताना आवाज बारीक-मोठा करून पोरांची झोप उडवणारा मी. त्यांनी तुला गोल करून मारलं. उभारीनं, पायांनी, जोखडाच्या शिवळेनं. तू डोकं हातांत घेऊन वाळूत पडला होतास आणि तुझ्या तोंडून शिवी नाही, किंकाळी नाही, एकच चाललं होतं: "वर जा रे, वर जा रे, वर जा." मी मध्ये शिरलो. शूरपणाचं म्हणशील तर माझं धोतर एका खुंटीत अडकलं आणि मी तोंडावर पडलो, तो नेमका तुझ्या अंगावर. त्यामुळं तुला बसणारा एक तडाखा माझ्या तोंडावर बसला. माझे दात त्या वाळूत राहिले.

मग सगळे एकदम थांबले. काहीतरी ऐकू येत होतं. दगडी फरशीवरून भरल्या गाड्यांचा मोठा तांडा यावा तसं. नथ्थूनं मान वर केली. नदीच्या वळणावर तांबडी भिंत उभी होती आणि तिच्यात मुळासकट झाडं होती.

मला कोणी बखोटीला धरलं, कोणी दरडीवर फेकलं, ते मी पाहिलं नाही. पण तो हात मी ओळखतो. लग्नात ज्या हातानं माझा कान पिळलास तो हात. बरगड्या मोडलेल्या माणसात एवढी ताकद कुठून आली, मला ठाऊक नाही. मी जिवंत आहे म्हणून हे लिहिलं जातंय, एवढं खरं.

पाण्यानं वाळू नेली, चुली नेल्या, खुंट्या नेल्या. तुझी पेटलेली गाडी उचलली. क्षणभर ती जळतच वाहिली, मग विझली, धूर पाण्यावरून तसाच पुढं गेला. दरडीवर सगळा तांडा उभा होता. नथ्थूच्या हातात उभारी होती, ती खाली कशी ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. तू माझ्या मांडीवर होतास, कानातून रक्त येत होतं, आणि तू पाण्याकडं असा बघत होतास, जसा माणूस जुन्या वैऱ्याकडं बघतो, जो खूप वर्षांनी समोर येऊन बसलाय.

तुला आम्ही घरी आणलं. वैद्यानं लेप लावले आणि माझ्याशी बोलताना नजर चुकवली. मला वाटत होतं तू उठशील. वाटत होतं म्हणून मी चेष्टा केली. तोंड सुजलेलं, तरी केली.

"हुरळू नको," म्हटलं. "किती खोट्या आणि एकच खरी. अजून बरोबरी झालेली नाही."

तू एक बोट वर केलंस. थांबा, उठल्यावर सांगतो.

ते बोट मला अजून दिसतं. काय सांगणार होतास? मी रोज तुझ्या बाजूनं उत्तर रचतो, आणि ते दर वेळी माझ्यासारखंच निघतं, तुझ्यासारखं नाही. तू जिंकलास, हे दोन शब्द माझ्या ओठांवर होते. मी ते म्हटले नाहीत. म्हटले असते तर तू गप्प बसला असतास, आणि तू गप्प बसलेला मला चालत नाही. आता बसलास.

शेवटी तू भागाला हाक मारलीस. "बाई, बैलाइले पाणी दाखोलं का?" ती दाखवायला गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ओली दावी होती, आणि सांगायला तू नव्हतास.

पाटलानं वर कळवलं, पुरातल्या ओंडक्याचा मार लागून मयत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग तेरावा, आणि माझा पाय.

पायाचं संपलं तेव्हा ढोरांचं सुरू झालं. कुणी म्हणालं, बैलांना पाण्याचा वास आधीच येतो, ते आपोआप उठले असते. दुसरा म्हणाला, खरंय, आगीची काही गरज नव्हती. नथ्थू गोठ्याशी पाय दुमडून बसला होता. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आला होता. त्याच्याकडं सगळ्यांनी पाहिलं, तो म्हणाला, "हो. ढोराइले समजते."

तेव्हा मला समजलं, तुळशीराम. तुझ्यावर विश्वास ठेवायला लागू नये म्हणून ही माणसं माझ्या पायावर विश्वास ठेवत होती, बैलाच्या नाकावर ठेवत होती. तुझं खरं मानलं, तर वाळूत काय झालं तेही मानावं लागलं असतं.

गोठ्याला एक उभारी टेकलेली होती. मी ती घेतली. मला त्या माणसाचं डोकं फोडायचं होतं. ह्यात थट्टा नाही. मी दोन्ही हातांनी उगारली आणि हाणली, आणि ती गोठ्याच्या खांबावर बसली. माझे हात कोपरापर्यंत बधिर झाले. जन्मात एकदा माणूस मारायला निघालो आणि खांब मारला. नथ्थू हललासुद्धा नाही. मान खाली घालून म्हणाला, "मारा, भाटवे."

तुझा शब्द त्याच्या तोंडी ऐकून माझ्या हातातली उभारी गळाली.

भागा ताट घेऊन आली. त्याच्या पुढं ठेवलं. "माह्या भावाले कोनं मारलं ते मले मालूम हाय," ती म्हणाली, पंगतीला ऐकू जाईल असं. "आता जेव. अन् जेवाच्या आधी खरं सांग."

नथ्थूनं घास उचलला, परत ठेवला.

"आमी उठलो नसतो, बाई," तो म्हणाला. "ढोरं बी उठले नसते. झोपले होते ढोरं."

एवढंच. वाढपी पुढं सरकला. त्यातल्या अर्ध्या माणसांनी ते ऐकलंच नाही असं ठरवलं. जाताना एक जण पुन्हा माझ्या पायाकडं बघत गेला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी हबीबभाईंचा निरोप आला. बाबूनं सांगितलंय, तिकडं समुद्र पुन्हा उसळला, बंदर बंद. निरोप घरी कुणाला द्यायचा हे त्यांना कळलं नसावं, माणूस दारात उभा राहून म्हणाला, "कोकण्याच्या घरी सांगा म्हणाले." मी भागाकडं पाहिलं. ती धान्य पाखडत होती, वर पाहिलं नाही. मी पागोटं घातलं.

नदी अजून भरलेली. अडकलेल्या गाड्या उताराची वाट बघत काठाच्या सखल जागेत थांबल्या होत्या. नथ्थूची गाडीही होती. मी चिखलात उभा राहिलो आणि हाळी दिली. निघाली शीळ. "कोकणात" म्हणायला गेलो, पाखरू उडवल्यासारखा आवाज आला. सगळे हसले. मी पुन्हा ओरडलो, थुंकी उडाली, जास्त हसले. वर आभाळात चांदणी उगवायला लागली होती, इतकं स्वच्छ.

नथ्थू उठला. चुलीवरची हंडी तशीच कढत उचलली, बैलांच्या मानेवर जू ठेवलं. कुणी विचारलं, "काऊन रे?" त्याची गाडी चढायला लागल्यावर बाकीचेही उठले, माझ्या आईबापाचा उद्धार करत.

सकाळी ऊन पडलं. पाऊस नाही, पूर नाही. नदी उलट हातभर उतरली होती. गाड्या खाली येताना एक गाडीवान मला पाहून ओरडला, "हा पाहा रे, नवा कोकण्या! बोबडा!" आणि सगळ्या तांड्यानं ते नाव उचललं. नथ्थू माझ्याजवळून गेला. जाता जाता त्यानं पागोट्याला हात लावला.

घरी आलो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता, घसा बसला होता. भागा चुलीपुढं होती. मी तिला सगळं सांगितलं, शीळ, हसू, नवं नाव, सगळं. "एक थेंब नाही पडला," म्हटलं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "अन् पुढच्या खेपेले जरा जोरानं वरडा. तुळश्याची हाळी मले अथी चुलीपाशी आयकू येत होती."